एकोणिसावी कळ

मी एक जुना बेंजो आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात एका घराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. वर्षातून काही दिवस मला खाली उतरवतात.

मित्रांनो, बेंजो म्हटल्यावर काहींना परदेशी, गोल तबकडीसारखे वाद्य आठवेल. तो मी नव्हे. मी लांबट लाकडी पेटी आहे. माझ्या अंगावर तारा आहेत आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तार छेडायची. पोटात तारांचा आवाज उचलणारा पिकअप, पिकअपची वायर अॅम्प्लिफायरला, अॅम्प्लिफायर हातगाडीवर आणि त्यावर दोन कर्णे. हळदीला, गणपतीला, नवरात्रात जी बेंजो पार्टी वाजते, तिच्यातले गाणे माझ्यासारख्यांच्या तारांतून येते.

माझा जन्म कल्याणचा. धोंडिबा नावाच्या कारागिराने मला बनवले. त्यांनी माझ्या तळाला पेन्सिलीने तारीख लिहिली, १४ मार्च १९७९. ती अजून वाचता येते. मला सत्तावीस कळा आहेत. त्यातल्या एकाच कळेची ही हकीकत आहे. डावीकडून मोजत गेल्यास ती एकोणिसावी.

माझे मालक दामाजी. त्यांचे वडील खाडीत मासे मारत. दामाजींच्या वेळेपर्यंत खाडीतली मासळी कमी झाली होती, म्हणून ते कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला लागले. त्यांच्या पत्नी सगुणाबाई नौपाड्यात दारोदार मासळी विकत. दामाजी आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात असत आणि सुट्टीच्या दिवशी पार्टीत मला वाजवत.

ऑगस्ट १९८३ मध्ये कारखान्यात सत्यनारायणाची पूजा होती. दामाजींनी मला तिथे नेले. प्रसाद वाटून होईपर्यंत कोळीगीते वाजवली. प्रयोगशाळेत काम करणारे त्र्यंबकराव प्रसादाचा द्रोण हातात धरून शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी प्रसाद खाल्ला नाही. मग ते जवळ आले.

"दामाजी, तुमचा बेंजो गिटारसारखा बोलतो. रविवारी माझ्या घरी याल का? नौपाड्यात."

"हल्द हाय का साहेब?"

"नाही. एक तबकडी ऐकवायची आहे."

रविवारी दामाजी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून गेले. दार त्र्यंबकरावांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनी उघडले.

"तुम्ही आमच्या सगुणाचे यजमान ना? मग तिला सांगा, परवाचे बोंबील काही ताजे नव्हते."

"ते तुमीच सांगा बाय. मी सांगितला तर मना जेवाय नाय घालनार."

त्र्यंबकरावांकडे एक रेकॉर्ड प्लेअर आणि सात तबकड्या होत्या. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामेभावाने त्या एकेक करून आणलेल्या. त्र्यंबकराव माणूस नेमका होता. प्रत्येक तबकडीच्या पाकिटावर ती कधी आली, किती वेळा वाजली, याची नोंद होती. बोलतानाही ते नोंद वाचल्यासारखे बोलत. त्यांनी दामाजींना सांगितले ते असे. १९५५च्या आसपास अमेरिकेत काळ्या लोकांचे आणि गोऱ्या लोकांचे संगीत एकमेकांत मिसळले आणि त्यातून रॉक अँड रोल पुढे आले. मोठ्या माणसांना ते आवडले नाही, तरुणांना आवडले. पुढे लिव्हरपूलच्या ज्या चार मुलांनी जग हलवले, त्यांनी आधी याच लोकांची गाणी वाजवून हात बसवला होता. त्र्यंबकरावांनी हे संगीत पहिल्यांदा रेडिओवर ऐकले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्यांना स्वतःला काहीही वाजवता येत नव्हते.

त्यांनी चक बेरी या अमेरिकन गायकाची तबकडी लावली. गाणे सुरू होण्याआधी गिटार एकटीच वाजली.

"एवढेच," ते म्हणाले. "अकरा सूर. जगातल्या अर्ध्या गिटारवाल्यांनी हे असले काहीतरी वाजवायला म्हणून गिटार हातात घेतली. तुम्हाला जमेल?"

"ह्यो गोरा जोरात हाय."

"गोरा नाही. काळा आहे."

"मंग आपल्यातलाच म्हना की," दामाजी म्हणाले आणि त्यांनी मला मांडीवर घेतले.

सहा रविवार लागले. बेंजोवाले सूर कागदावर लिहीत नाहीत. ऐकतात, दुसऱ्याचा हात बघतात आणि तसे वाजवतात. इथे बघायला हात नव्हता. त्र्यंबकराव सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवत आणि दामाजी पुन्हा ऐकत. चौथ्या रविवारी मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या, "बेचाळीस वेळा झाले. आता चहा घ्या, नाहीतर मीच वाजवून दाखवते." सहाव्या रविवारी अकराच्या अकरा सूर बरोबर लागले. आठवा सूर एकोणिसाव्या कळेवर होता. त्र्यंबकरावांनी वहीत तारीख लिहिली. कोळीवाड्यात त्या तुकड्याचे नाव पडले 'काल्याचा पीस', म्हणजे काळ्या माणसाचा तुकडा.

पुढच्या वर्षी, ३ फेब्रुवारी १९८४ रोजी, त्र्यंबकरावांनी घरात स्मरणाचा कार्यक्रम ठेवला. १९५९ साली त्याच तारखेला बडी हॉली हा बावीस वर्षांचा गायक विमान अपघातात गेला. त्र्यंबकरावांनी मासिकांतून कापलेले आठ फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावले होते. चौदा माणसे आली. अध्यक्षस्थानी शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक विश्राम गुरुजी होते. त्यांनी रॉक अँड रोल कधी ऐकले नव्हते, पण नौपाड्यात अध्यक्षपदाला त्याची अट नसते. मंदाकिनीबाईंनी आठही फोटोंना झेंडूचे हार घातले आणि समोर उदबत्ती लावली. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "या आठही दिवंगत कलावंतांना आपण दोन मिनिटे स्तब्ध राहून..."

"थांबा, थांबा," त्र्यंबकराव म्हणाले. "यातले चार हयात आहेत."



"मग फोटो कशाला लावलेत?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "भिंतीवर फोटो, खाली उदबत्ती. मी काय समजायचे?"

"अगं, हे चौघे. हॉली, कॉक्रन, एल्विस, हेली. एवढेच गेलेत. चक बेरी अजून कार्यक्रम करतो."

"तर मग त्याला कळवू नका म्हणजे झाले."

चार हार उतरवण्यात आले. दोन मिनिटे शांतता पाळली गेली. मग दामाजींनी पीस वाजवला, अकरा सूर, आणि उतरवलेल्यातला एक हार माझ्या कळांना बांधून घरी नेला. तेव्हापासून दर तीन फेब्रुवारीला आम्ही तिथे जाऊ लागलो.

त्याच वर्षी मे महिन्यात सगुणाबाईंच्या धाकट्या बहिणीची, जनाबाईंची हळद होती. आमच्याकडे हळदीला नवरीइतकीच हळद वाजवणाऱ्यांनाही लागते. सगुणाबाईंनी दामाजींच्या गालाला लावली, ताशेवाल्याला लावली, मग माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"सगल्यांना लावली, ह्याला कोन लावनार? ह्यो बी घरचाच हाय."

त्यांनी पाची बोटे माझ्यावर उमटवली. तेलात कालवलेली हळद होती. ती कळांच्या फटीत गेली. बाकीच्या कळा पुसल्यावर मोकळ्या झाल्या. एकोणिसावी दुसऱ्या दिवशी सकाळी दबेना. दामाजींनी ब्लेड घेतले.

"ऱ्हाऊ द्या," सगुणाबाई म्हणाल्या. "हल्द लागलेली खरवडू नये. सुकली का आपोआप पडल."

ती पडली नाही. आत घट्ट बसली.

बाकीच्या गाण्यांत ती कळ क्वचित लागे. तिथे दामाजी शेजारच्या कळेवरून निभावून नेत. पण काल्याच्या पीसमध्ये हात इतका भराभर जातो की निभावायला वेळ नसतो. त्यांनी आठवा सूर सोडून दिला. सात सूर, मग रिकामी जागा, मग तीन सूर. पुढच्याच हळदीत नाचणाऱ्यांनी त्या रिकाम्या जागेत टाळी मारली. कोणी ठरवले नव्हते. दुसऱ्या फेरीला सगळ्यांनी मारली. त्यानंतर टाळीशिवाय तो पीस कोणी मागितला नाही.

१९८६ मध्ये कल्याणच्या एका पार्टीचा जगन आमच्याकडे हळदीला पाहुणा म्हणून आला. तो दोन तास दामाजींच्या डाव्या हाताकडे बघत बसला. पुढच्या गणपतीत त्याच्या पार्टीने तो पीस वाजवला, रिकाम्या जागेसह. जगनकडून डोंबिवलीची एक पार्टी शिकली. तिच्याकडून आणखी कोणी. ज्याच्या त्याच्या बेंजोची एकोणिसावी कळ धड होती. तरीही आठवा सूर कोणीच वाजवला नाही, कारण शिकवणाऱ्याच्या हाताने तो वाजवलेला त्यांनी पाहिला नव्हता.

हे फक्त एका माणसाला खुपत असे. ३ फेब्रुवारी १९८५ला त्र्यंबकरावांनी वहीतून मान वर केली. "दामाजी, एक सूर सुटला."

"कल अडकली साहेब."

"दुरुस्त करून घ्या."

"करतो साहेब."

१९८६, ८७, ८८. प्रत्येक वर्षी हेच शब्द आणि हेच उत्तर. १९८९ला दामाजींनी सांगितले, "साहेब, लोकांना तसाच आवडते. टाली मारतात."

"लोकांना आवडते म्हणून सूर कमी होत नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "तुम्हीच तो बरोबर वाजवला होता. माझ्याकडे तारीख आहे."

दामाजी हसले. राग कोणालाच आला नाही. पण दुरुस्ती झाली नाही.

जून १९९२ मध्ये सगुणाबाई गेल्या. आठ दिवसांचा ताप होता. आमच्या घरात रीत अशी की माणूस गेल्यावर वर्षभर वाद्य वाजवायचे नाही. दामाजींनी भिंतीत खिळा ठोकला आणि मला टांगले.

मित्रांनो, अशा ठिकाणी आत्मवृत्तात वाद्य रडते असे लिहितात. मी रडलो नाही. माझ्यावर धूळ बसली. तारांना गंज चढला, प्रथम खालच्या दोन तारांना, मग सगळ्यांना. दामाजी पाळीला जात, परत येत, जेवत, माझ्यासमोरच्या खाटेवर बसत. त्यांची नजर माझ्याकडे असे, पण ते मला बघत नसत. वर्ष पूर्ण झाले. पार्टीतले लोक विचारायला आले. दामाजी म्हणाले, "बघू." आणखी एक वर्ष होत आले. लोक यायचे थांबले.

मार्च १९९४ मध्ये त्र्यंबकराव कोळीवाड्यात आले. ते निवृत्त झाले होते, काठी घेऊन चालत होते. खाटेवर बसून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"दोन वर्षे तुम्ही आला नाहीत," ते म्हणाले. "मी बोलावलेही नाही. आता बोलावतो. पुढच्या तीन फेब्रुवारीला या. आणि एकदा, फक्त एकदा, पूर्ण वाजवा. आठव्या सुरासकट. माझ्या तबकडीवर आता चरा पडलाय, बरोबर तिथेच सुई उडते. तो सूर मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाही."

दामाजी म्हणाले, "साहेब, त्या कलंत तिची हल्द हाय."

त्र्यंबकरावांना हे माहीत नव्हते. दहा वर्षे ते ज्याला बिघाड म्हणत होते, तो काय होता ते त्यांना त्या क्षणी कळले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग राहू द्या," ते म्हणाले. "माझे मागणे परत घेतो."

"नाय साहेब. वाजवतो. शब्द देतो."

मंदाकिनीबाईंचा निरोप नोव्हेंबरमध्ये आला. त्र्यंबकराव झोपेत गेले होते. दामाजी अंत्ययात्रेला गेले आणि दुसऱ्या दिवशी पाळीला गेले. ३ फेब्रुवारी १९९५ला ते खाटेवर बसून राहिले. मी खिळ्यावर होतो. शब्द पाळायचा तर सगुणाबाईंची हळद खरवडायची. हळद राखायची तर शब्द मोडायचा. दामाजींनी दोन्हींपैकी काहीच ठरवले नाही.

१९९५च्या नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या आगमनाची मिरवणूक आमच्या वस्तीजवळून गेली. दामाजी दारात उभे होते. चार बेंजो पार्ट्या होत्या. पहिलीने काल्याचा पीस वाजवला. सात सूर, रिकामी जागा, टाळी, तीन सूर. दुसरीने वाजवला नाही. तिसरीने वाजवला. चौथीनेही वाजवला. तीन पार्ट्या, तीन अनोळखी बेंजोवाले, आणि तिघांच्याही हाताला तीच एक कळ अडकल्यासारखी. रस्त्यावरच्या शेकडो लोकांनी टाळी मारली. तिथे कोणालाही चक बेरीचे नाव माहीत नसावे. सगुणाबाईंच्या बोटांबद्दल तर नव्हतेच.

दामाजी आत आले आणि माझ्याकडे पाहू लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते मला बघत होते.

"हल्द रस्त्यावर गेली," ते मला म्हणाले. "आता आतमदी कशाला ठेवू?"

दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी त्यांनी मला खाली उतरवले, पुसले, हार घातला. जानेवारीत ते मला घेऊन कल्याणला धोंडिबांकडे गेले. धोंडिबा थकले होते, पण माझ्या तळाची तारीख त्यांनी चष्म्याशिवाय ओळखली.

"ही कळ आतून गंजली. बदलावी लागेल," ते म्हणाले. त्यांनी कळ उपसून काढली. खालची बाजू अजून पिवळी होती. त्यांनी रॉकेलचा बोळा हातात घेतला.

"पुसू नका. तशीच द्या."

"हिचा आता काय उपयोग?"

"ऱ्हाऊ द्या."

दामाजींनी ती कळ कागदात गुंडाळली. ती आता सगुणाबाईंच्या कुंकवाच्या डबीत आहे. मला नवी कळ बसली. नवीन तारा लागल्या.

३ फेब्रुवारी १९९६ला नौपाड्यात पाच माणसे होती. भिंतीवर आठऐवजी नऊ फोटो होते. नववा त्र्यंबकरावांचा, बडी हॉलीच्या शेजारी.

"हार पाचच आणलेत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "या वेळी मोजून."

विश्राम गुरुजींनी दोन मिनिटे स्तब्ध राहायला सांगितले. मग दामाजींनी मला मांडीवर घेतले. सात सूर गेले. त्यांचे बोट एकोणिसाव्या कळेवर पडले. कळ दबली. आठवा सूर वाजला, मग उरलेले तीन. सगळे मिळून चार सेकंदांपेक्षा कमी.

"आला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. कपाटातून त्यांनी त्र्यंबकरावांची वही काढली, तारीख लिहिली आणि चहा करायला आत गेल्या.

त्याच मे महिन्यात कोळीवाड्यात एक हळद होती. दामाजी चार वर्षांनी पार्टीत बसले. कल्याणहून जगनही आला होता. काल्याचा पीस सुरू झाला. दामाजींनी अकराही सूर वाजवले. लोकांची टाळी आणि आठवा सूर एकमेकांवर आपटले. नाचणाऱ्यांचे पाय चुकले. हळद लागलेल्या ठमाबाई, नवरीची आत्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे दामाजी, चार वर्सं बसून हात इसरला का काय?"

जगन कानाशी येऊन म्हणाला, "दादा, एक सूर जास्ती पडला."

"जास्ती नाय रे," दामाजी म्हणाले. "बारा वर्सं कमी व्हता."

जगनला ते कळले नाही. "मग आता आम्ही कसा वाजवायचा?"

दामाजींनी पुन्हा तार छेडली. दुसरी फेरी सुरू झाली. सात सूर वाजले. त्यांचे बोट एकोणिसाव्या कळेवर आले. कळ मोकळी होती, दाबली असती तर वाजली असती. बोट तिच्यावर टेकले आणि दाबल्याशिवाय उचलले गेले. सगळ्या मांडवाने टाळी मारली.

आज १९९९ साल आहे. त्या भिंतीवरचे चक बेरी अजून बिनहाराचे आहेत. हळदीत दामाजी दहा सूर वाजवतात आणि तीन फेब्रुवारीला नौपाड्यात अकरा. पूर्वी आठवा सूर अडकत असे. आता ते तो सोडतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने वाद्य असेल. ते वापरात ठेवा. तारांना गंज चढू देऊ नका. बिघडले तर वेळेवर दुरुस्त करा, कारण ज्याला तो सूर ऐकायचा आहे तो पुढच्या वर्षी असेलच असे नाही. आणि त्यावर एखादा डाग दिसला, तर पुसण्याआधी घरात विचारा की तो कोणाच्या हाताचा आहे.